बंब-दुरुस्तीत बसलेल्या आठ छात्या

माझं लग्न ठरलं तेव्हा कुंडलात आमच्या आत्याने भावकीभर सांगितलं, "पोरीनं नशीब काढलं, नवरा बंबावर हाय." ऐकणाऱ्या निम्म्या बायकांना वाटलं, जावई कुणा बड्या घरच्या न्हाणीत पाणी तापवायला आहे. आग विझवायचाही एक बंब असतो आणि त्यावर पगारी माणसं असतात, हे आमच्या गावाला कसं ठाऊक असणार? आमच्याकडे गंजी पेटली की सगळे बादल्या घेऊन धावत आणि बादल्या संपल्या की देवावर हवाला ठेवत. खरं सांगायचं तर हळद लागेपर्यंत मलाही नक्की माहीत नव्हतं. विचारणार कुणाला?

नांदायला ज्या गावी आले त्याचं नाव सांगत नाही. साताऱ्याकडून सांगलीला उतरताना कृष्णेच्या काठाला लागतं, एवढं पुरे. तेव्हाच्या मेंबरांची नातवंडं आज तिथं नांदताहेत आणि त्यातली एक-दोन मला बाजारात वाकून नमस्कार करतात. उगाच कशाला कुणाच्या आजोबाला उघडं पाडा.

लढाई नुकती संपली होती. रॉकेल अजून रांगेत उभं राहून मिळायचं आणि संस्थानं अजून जागेवर होती; आमचं गावही एका संस्थानातलंच. नगरपालिकेची कचेरी माडीवर, तिच्या खाली बंबाची शेड, आणि शेडच्या मागे बंबवाल्यांच्या खोल्यांची रांग. त्यातली एक आमची. बंब लाल, चार चाकांचा, दोन्ही अंगांना लांब दांडे. तिघे इकडे, तिघे तिकडे. हे खाली गेले की ते वर. तसं हापसलं की नदीचं किंवा विहिरीचं पाणी खेचलं जाई आणि नळीतून जोराने सुटे. सातवा माणूस नळीच्या तोंडाशी. आठवे जमादार, ते ओरडायला.

त्या बंबाचे लाड मी पाहिलेत ते सख्ख्या जावयाचे होत नसतील. दर शनिवारी त्याला घाटावर नेऊन चालवून बघायचं. चाकांना वंगण, नळीला चरबी, पितळेला चिंच. ती चिंच आम्ही बायकांनी पुरवायची, असा न लिहिलेला नियम. खंडेनवमीला तर त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ आणि पुरणाचा नैवेद्य. जमादार बंबापुढे असे हात जोडत की घरात देव असून नसल्यासारखे. बंब बिघडायच्या आधी त्याची तपासणी, कारण ऐन आगीत बिघडला तर काय घ्या? हे सगळ्यांना पटलेलं होतं. दांडा मारणाऱ्या माणसाची तपासणी म्हणजे त्याला पगाराच्या दिवशी हजर बघणं.

मग एक दिवस नळीवरचे मामा गेले. आम्ही सगळ्या त्यांना मामाच म्हणत असू. माधवनगरच्या बाजूला कापसाच्या गाठी पेटल्या होत्या तेव्हा दिवसभर धुरात उभा राहिलेला माणूस, आणि गेला कुठं, तर गावाबाहेरच्या कडब्याच्या एका गंजीपाशी. आग विझत आली होती. म्हाताऱ्या बाईने घागर ओतली असती तरी भागलं असतं. मामा खाली बसले, नळी हातातच राहिली, आणि पाणी आपलं त्यांच्या पायावर वाहत होतं. सगळं गाव मातीला आलं. मेंबर लोकांनी हार घातले. मला त्या दिवशी आधी राग आला, रडू मागाहून आलं. हारांचे पैसे निघतात, म्हटलं, आणि हा माणूस पायऱ्या चढताना वर्षभर छातीवर हात धरत होता, ते चाळीतल्या मांजरालाही दिसत होतं.

माझा राग मी कुणाला सांगणार होते? पण बहुधा तोच राग माडीवरही कुणाला तरी आला असावा. पुढच्या सभेत विषय निघाला: बंबवाल्यांची डॉक्टरकडून तपासणी करावी, खर्च नगरपालिकेने द्यावा.

सभेच्या दिवशी आम्हा सगळ्यांचे तांदूळ नेमके निवडायचे असत. सभागृहाच्या खिडकीखाली सूप घेऊन बसलं की वरचा शब्दन् शब्द ऐकू येई. आमच्या तांदळात एवढे खडे कसे निघतात, असं एकदा कारकुनाने विचारलंही होतं.

"ज्याला काही झालेलंच नाही त्याला डॉक्टर?" हे कापडवाले मेंबर. गळा मोठा. "उद्या म्हणाल न फाटलेल्या धोतराला ठिगळ लावा!"

मेंबरांत एक वैद्यही होते. ते म्हणाले, "डॉक्टर कशाला? मी सगळ्यांना काढा देतो. फुकट." त्यांच्या काढ्याची चव गावाने घेतलेली होती, त्यामुळे तो विषय कुणीच पुढे नेला नाही.

मग कारकून खाकरला. "अडचण अशी आहे की माणसं तपासायला खर्चाचं सदरच नाही. दिवाबत्ती आहे, गटारं आहेत, मोकाट कुत्री आहेत, बंब-दुरुस्ती आहे. माणसं नाहीत."

"मग कुत्र्यांत बसवा," कुणीतरी सुचवलं.

माझी शेजारीण, जमादारांची बायको, सूप आपटून उठली. "आता गं बया! आपल्या मालकास्नी कुत्र्यात घालाया लागलं!" मी तिचा पदर ओढून तिला खाली बसवली. पुढचं ऐकायचं होतं.

अध्यक्ष आमचे साताऱ्याकडचे, पलटणीतून सुभेदार होऊन आलेले. कमी बोलत. त्यांनी विचारलं, "बंब आपोआप चालतो का?"

"नाही," कारकून म्हणाला.

"दांड्याला हात नसला तर?"

"मग ते नुसतं लोखंड, साहेब."

"म्हणजे हात हा बंबाचा भाग झाला. आणि हात छातीला जोडलेला असतो. घाला बंब-दुरुस्तीत."

कापडवाल्यांनी एवढंच करून घेतलं की हे एकदाच, एकाच दिवसासाठी, एकाच डॉक्टरकडून. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जे दुरुस्त करायचं ते बघून घ्या, पुन्हा मागायचं नाही. ठराव मंजूर झाला आणि आम्ही तांदूळ घेऊन आपापल्या घरी गेलो. मी तर उड्या मारत गेले. कारण मला माझं एक माणूस तपासून हवं होतं.

आमचे मालक खोकत होते. बंबवाल्याच्या बायकोला खोकल्याचं अप्रूप नसतं. आग विझवून आले की दोन दिवस सगळी रांग खोकायची, काळं थुंकायची, मग गुळाचा खडा चघळून मोकळी व्हायची. पण मामांच्या त्या गंजीनंतर कुठं आगच लागली नव्हती. पहाटे मी चूल पेटवायच्या आधीच नळाकडून खोकला ऐकू यायचा. बारीक, कोरडा, दार ठोठावल्यासारखा. विचारलं तर म्हणायचे, "तुझ्या मिरच्यांचा ठसका. किती भाजतीस!"

ठीक आहे, म्हटलं. मिरची बंद. आमटीला नाही, कोरड्यासाला नाही, ठेचा तर नावाला नाही. आमच्या मुलखात नवऱ्याला मिरचीवाचून जेवायला घालणं म्हणजे त्याला माहेरी जाते म्हणून सांगण्यासारखंच. पंधरवड्यात मालकांची दशा अशी झाली की शेजारच्या ताटाकडे बघत. "पाण्यात भाकरी कुस्करून दिलीस तरी चालंल," म्हणाले. पण खोकला होता तिथंच होता. मिरच्या निर्दोष सुटल्या, आणि मला भीती वाटायला लागली.

तेव्हा तपासणी म्हणजे मला देवच पावला होता. पण बाकी रांगेत सुतक पसरलं. कुठून कोण जाणे, आवई उठली की ज्याच्यात खोट निघेल त्याला काढून टाकणार आणि त्याची खोली खाली करून घेणार. जमादार पलटणीत होते. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं. आम्ही बायका चिंच आणण्याच्या निमित्ताने दारात.

"तपासनी म्हंजे काय, ती माझ्यास्नं ज्यास्त कुनाला म्हाईत हाय रं?" जमादार म्हणाले. "भरतीला काय बघत्यात? वजन बघत्यात, आन् छाती बघत्यात. वजनासाठी आठ दिस केळी खायाची, आन् त्या दिशी तांब्याभर पानी पिऊन जायाचं. छातीसाठी काय? डाक्टर म्होरं आला की दम भरायचा. भरायचा आन् सोडायचा न्हाई! कायबी झालं तरी न्हाई!"

आमच्या जिल्ह्यात घराआड एक शिपाई. भरतीला कसं उभं राहायचं हे पोराला चालण्याआधी शिकवतात. त्यामुळे तपासणी ही रोग शोधण्यासाठी असते, हे त्या आठ जणांना कुणी सांगूनही पटलं नसतं. तपासणी म्हणजे जिंकायची गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून रांगेत केळ्यांचे घड लागले. पहाटे तालीम: छाती पुढे, गाल फुगलेले, डोळे बाहेर. जमादार आकडे मोजत आणि जो आधी दम सोडेल त्याला शिव्या घालत.

सगळ्यांत जोरात तालीम आमच्या मालकांची. त्याला कारण होतं. ते दोनदा भरतीला गेले होते आणि दोन्ही वेळा छाती थोडक्यात कमी पडली म्हणून परत आले होते. दुसऱ्या वेळी गावात शिरायला अंधार पडायची वाट बघत ओढ्याला बसून राहिले, असं सासूबाई सांगायच्या. बंबावर लागले ते इथं कुणी फीत लावली नाही म्हणून. आता ती फीत पाठलाग करत इथंही आली होती.

मी म्हटलं, "आवं, डाक्टरला खोकल्याचं सांगा की."

"खुळी का काय तू? खोकला दावला तर उद्या खोली खाली. ऱ्हाशील कुटं?"

खोटं नव्हतं ते. मला खोली नको होती असं नाही. पण त्या खोलीत मला माणूस हवा होता. हे मी त्यांना सांगितलंसुद्धा. त्यांनी दम भरून धरला होता, त्यामुळे उत्तर आलं नाही.

तो दिवस उजाडला. डॉक्टर तरुण, नुकताच शिकून आलेला, बुटांना पॉलिश. शेडमध्ये आठ जण उघडे, तेल लावून चकचकीत, बंबाशेजारी बंबासारखे. वजनाचा काटा बघून डॉक्टर खूश झाला. मग त्याने कानात नळी घातली, जमादारांच्या छातीला लावली आणि म्हणाला, "श्वास घ्या."

जमादारांनी तो आधीच घेतलेला होता.

"सोडा."

जमादार समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"अहो, सोडा श्वास!"

जमादारांचा रंग तांबूस झाला, मग जांभळा झाला. डॉक्टरने नळी काढून फुंकून बघितली, स्वतःच्या छातीला लावून बघितली. चालत होती. तो दुसऱ्याकडे गेला. तिथंही शांत. तिसऱ्याकडे, चौथ्याकडे. आठही जणांच्या छातीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. तो मागे फिरला की सगळे मिळून फुस्स करून सोडत आणि तो वळला की पुन्हा गच्च. जमादारांचा पुतण्या मामांच्या जागी नवा लागला होता, तो तर हिशेब चुकून खाली बसला. त्याला कांदा हुंगवावा लागला.

मी चहा घेऊन गेले तेव्हा डॉक्टर बंबाच्या पायरीवर डोकं धरून बसला होता. "बाई, मी यांच्यात ऐकू काय? यांचं म्हणणं छाती मोजा आणि पास करा. मला संध्याकाळच्या मोटारीने परत जायचंय. सगळे ठणठणीत आहेत असंच लिहून द्यावं लागणार."

मी विचारलं, "लिवून दिलं की पुन्यांदा कवा येनार तुमी?"

"पुन्हा कुठला? एकाच दिवसाची मंजुरी आहे."

कपबशी अजून माझ्याच हातात होती. एकाच दिवसाची मंजुरी, आणि त्यातली निम्मी केळ्यांवर गेलेली. मालक समोरच उभे होते, छाती काढून, आणि मला डोळ्याने खुणावत होते की बघ, जमलं. इतकी चीड आली मला. आणि त्या चिडीत माझी नजर घंटेवर गेली.

शेडच्या दारात आगीची घंटा होती. तिची दोरी जमादारांशिवाय कुणी ओढायची नाही. विनाकारण वाजवणाऱ्याला दंड. पण बंबवाल्याची एक गोष्ट मी लग्नानंतर शिकले होते: घंटा झाली की त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. ताटावरून उठतो, अंगाला साबण असला तरी उठतो. आणि बंब ओढत नेऊन दांडा मारून झाला की कुठल्याही पैलवानाला दम धरून ठेवता येत नाही.

"डाक्टर, पळता येतंय न्हवं?" मी म्हटलं.

"का?"

मी कपबशी त्याच्या हातात दिली आणि दोरी धरली. कुंडलात लहानपणी मी माळ्यावर उभी राहून ज्वारीवरची पाखरं राखली होती. डबा बडवायची माझी एक रीत होती, मधे न थांबता, अंगात आल्यासारखी. तशीच घंटा बडवली. आणि ओरडले, "धूर! घाटाकडं धूर!"

हे खोटं नव्हतं. घाटाकडे परटाची भट्टी होती आणि तिच्यातून रोज धूर निघायचा.

पुढचं सांगते ते डोळ्यांनी पाहिलं म्हणून, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. आठ उघडी तेलकट माणसं, पोटात केळी आणि पाणी डुचमळतंय, बंब घेऊन उतारावरून जी सुटली ती थेट घाटावर. मागे डॉक्टर, एका हातात कपबशी तशीच, गळ्यात नळी उडतेय. त्याच्यामागे आम्ही बायका, आमच्यामागे गावातली पोरं आणि वाटेत भेटलेली एक म्हैस. परीट भट्टीवर कपडे उकळत होता. तो काय झालं विचारेपर्यंत नळी नदीत पडली, दांडे वर-खाली व्हायला लागले, आणि अर्ध्या गावाची धोतरं भट्टीसकट वाहायला लागली.

"आवं, काय करतायसा! भट्टी हाय ती माझी!" परीट ओरडत होता. पण घंटा झालेली होती. जमादारांनी दोन्ही हात वर करून जोर वाढवायला सांगितलं.

भट्टी विझल्यावर सगळे दांड्यांवर ओणवे पडले. आठही छात्या भात्यासारख्या चालू. डॉक्टर तेवढ्याचीच वाट बघत होता. कपबशी त्याने परटाकडे दिली आणि एकेकाच्या पाठीला नळी लावत गेला. आता कुणाला दम भरायचं सुचणार? जमादार तर "हुं... हुं..." एवढंच म्हणत होते. डॉक्टर एकेकाला क्षणभर ऐकायचा, मान हलवायचा, पुढे सरकायचा.

आमच्या मालकांपाशी आला आणि थांबला.

पाठीला लावली, मग पुढे लावली. मग पुन्हा पाठीला, उजवीकडे, वरच्या बाजूला. "खोका," म्हणाला. मालक खोकले. परीट ओरडायचा थांबला होता, किंवा मला ऐकू येईनासं झालं होतं. डॉक्टरने कानातली नळी काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी कोणाची बायको हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं.

"सुरुवात आहे," तो हळू बोलला. "आत्ताच कळलं ते फार बरं झालं. वर्षभराने कळलं असतं तर मला काही करता आलं नसतं."

क्षयाचं नाव त्याने मागाहून घेतलं. ते ऐकून मी तिथंच घाटाच्या पायरीवर बसले. पायांखालून परटाचं निळीचं पाणी वाहत होतं. भीती वाटत होती आणि तरीही कुठंतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, कारण आता मला एकटीला ते ऐकायचं नव्हतं.

सांगलीला नेऊन छातीचा फोटो काढला. आमच्या लग्नात फोटो निघाला नव्हता. मालकांचा पहिला फोटो निघाला तो आतून. त्यात डॉक्टरचं म्हणणं खरं ठरलं. मग पुन्हा सभा, पुन्हा आमचे तांदूळ. पण त्या दिवशी मी एकही खडा वेचला नाही, आणि जमादारांची बायको माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती.

"माझं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती," कापडवाले म्हणाले. "आता कळलंच आहे तर काढा त्याला, दुसरा माणूस घ्या. खोली रिकामी करा."

मी डोळे मिटले. तेवढ्यात कारकून खाकरला. माणूस वाईट नव्हता, पण नियम त्याला पोटच्या पोरासारखे. "तसं करता येत नाही, साहेब. तपासणी बंब-दुरुस्तीत झाली आहे. त्या सदरात भाग दुरुस्त होण्यासारखा असेल तर दुरुस्तच करावा लागतो. टाकून द्यायचा तर संस्थानची मंजुरी हवी. आणि लिलाव करावा लागतो."

"कसला लिलाव?"

"टाकाऊ भागाचा. जाहीर लिलाव."

जमादारांची बायको माझ्या कानाला लागली, "कितीला जातील गं तुझं मालक?"

"कितीलाबी जाऊंदे," मी म्हटलं, "बोली माझीच ऱ्हानार."

अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात? भाग दुरुस्त होतो का?"

"होतो म्हणतात. डोंगरावर ठेवावा लागेल. काही महिने."

"मग पाठवा दुरुस्तीला. दुरुस्तीला गेलेल्या भागाची जागा कुणी विकत नाही. खोली राहू दे." मग म्हणाले, "आणि हे दरसाल करा. खंडेनवमीच्या आधी. बंबाचं करता तेव्हाच."

त्याच सभेत घंटेचाही विषय निघाला. कुणी वाजवली? आम्हाला वर बोलावलं. मी तोंड उघडायच्या आत जमादारांची बायको म्हणाली, "वारं लय सुटलं हुतं, साहेब." अध्यक्ष खिडकीबाहेर बघत म्हणाले, वाऱ्याला दंड करायची तरतूद नाही. परटाची भरपाई मात्र झाली. तीही बंब-दुरुस्तीतूनच.

मालक साताऱ्याकडच्या डोंगरावर गेले. मी दर शनिवारी चिंच देत राहिले. एकदा मोटारीने भेटायला गेले तर लांबलचक पडवीत रग पांघरून निजले होते, रागावून. "दिसभर निजवून ठेवत्यात. गाभण म्हशीगत. दूध काय, अंडी काय. आन् ठेचा मागितला तर हासत्यात!" मी परतीच्या वाटेवर मोटारीत पदर तोंडाला लावून रडले, पण ते चांगलं रडणं होतं. माणूस भांडत होता म्हणजे माणूस होता.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या तोंडावर ते परत आले. अंगाने असे भरून आले होते की सासूबाईंनी आधी दृष्ट काढली आणि मग विचारपूस केली. त्या वर्षीची तपासणी जमादारांनी स्वतः पुढे होऊन करून घेतली, डॉक्टरच्या आधी दम सोडून. आणि मालकांनी डॉक्टरला हात जोडून विनंती केली की एकदा फीत लावून बघा. लावली. भरतीला जेवढी हवी होती त्याहून जास्त भरली. "फुगवलेली न्हाई बरं का," चाळीतल्या प्रत्येकाला सांगत सुटले. "आशीच!"

पूजेला मी बंबाच्या चाकाला, नळीला, दांड्याला हळदकुंकू लावलं, आणि उजव्या दांड्याशी मालक उभे होते, त्यांच्या उघड्या छातीलाही बोट टेकवलं. सगळे हसले. मग जमादार पुढे सरकून म्हणाले, "मला बी लाव की गं, मी का बंबाचा न्हवं?" तेव्हापासून आमच्याकडे आठ जणांना बंबाबरोबर हळदकुंकू लागू लागलं. संस्थान विलीन झाल्यावर एक नवा साहेब आला आणि बंब-दुरुस्तीत डॉक्टर कशाला म्हणून त्याने तो खर्च खोडला, तोवर.

पण मला सांगायचंय ते त्या पूजेच्या संध्याकाळचं. कितीतरी दिवसांनी मी मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. मालक दारात बसले होते आणि त्यांना ठसका लागला. मी उलथणं टाकून उठले, तोंडचं पाणी पळालं माझ्या.

"मिरच्यांचा हाय," ते हात हलवत म्हणाले. "मिरच्यांचाच हाय. बस तू."

मी बसले. थोड्या वेळाने ते शेडच्या घंटेच्या दिशेला बघत म्हणाले, "त्या दिशी वारं न्हवतं सुटलं."

मी मिरच्या परतत राहिले.

"जमादाराची घंटा एकसुरी आसती. ती तर पाखरं हाकल्यागत हुती. दुसऱ्या ठोक्याला वळखली मी."

"मग पळालासा कशाला?" मी विचारलं. "खोटी हाय, म्हाईत हुतं तर?"

त्यांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं. मिरच्यांचंच असावं.

"तू वाजवलीस," ते म्हणाले. "म्हटलं, कुटं तरी लागलीच आसंल."